साचेखात्याची बोली

भांडुप, ९ जानेवारी १९८३

सौ. जानकीस,

कार्ड एवढ्यासाठीच टाकतो की मला काम लागलं. मुलुंडला एका शाळेत. साडेदहा ते साडेपाच, रविवारी सुट्टी, भोंगा नाही, पाळी नाही. कचेरीला लागूनच माझी बसायची जागा आहे आणि मोठ्या बाईंचं माझ्यावाचून पान हलत नाही.

संपाला येत्या अठरा तारखेला वर्ष होईल. मिल उघडेल तेव्हा उघडेल. मी सत्तेचाळीस वर्षांचा झालो, आणखी किती दिवस गेटासमोर उकिडवा बसणार? तू गणपतीला म्हणून कुंडलिकरावांकडे माहेरी गेलीस ती तिथेच राहिलीस. जाताना म्हणालीस, कायमचं काम लागल्याशिवाय मला न्यायला येऊ नका. तर त्यातलं अर्धं झालं आहे. उरलेलं अर्धं जूनपर्यंत होईल असं दिसतं.

मालन सांताक्रूझहून आली होती, कुळथाची पिठी करून ठेवून गेली. जावई बरे आहेत. कुंडलिकरावांना नमस्कार. हे कार्ड तेच तुला वाचून दाखवतील. त्यांचा आवाज मोठा, वाडीभर जाईल, ते एका परीने बरंच.

दशरथ


भांडुप, ३० जानेवारी १९८३

सौ. जानकीस,

या खेपेला कार्ड न टाकता अंतर्देशीय पाठवतो आहे, कारण मजकूर जरा घरातला आहे.

कुंडलिकरावांचं पत्र मिळालं. ‘आमचे भावजी मास्तर झाले’ म्हणून त्यांनी वाडीत साखर वाटली आणि आता त्यांच्या चुलत मेव्हण्यालाही शाळेत चिकटवून द्या म्हणतात. मास्तर हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता, पण त्यांना तसं वाटावं असंच लिहिलं होतं, हेही खरं. तर ऐक. कचेरीला लागून जागा म्हणजे कचेरीच्या दाराबाहेरचं स्टूल. मी शिपाई आहे. तोही एप्रिलअखेरपर्यंतचा, पुढचं कमिटी ठरवणार. साखर परत गोळा करता येत नाही, तेव्हा वाडीत काय सांगायचं ते कुंडलिकरावांनी ठरवावं.

आणि ही शाळा मूकबधिर मुलांची आहे. साठेक मुलं आहेत, कोणाला ऐकू येत नाही. मला तिथे कसं घेतलं ती गंमत सांगतो.

नाना तुला आठवतो ना, सोळा वर्षं माझ्या शेजारच्या साच्यावर होता तो. संप लांबला तसा तो रंगकामाला लागला. डिसेंबरात त्याला या शाळेला रंग द्यायचं काम मिळालं, गॅदरिंग जवळ आलं होतं म्हणून, आणि हाताखाली त्याने मला नेलं. मधली सुट्टी होती. पटांगणाच्या एका टोकाला शिडीवर मी, दुसऱ्या टोकाला नाना. मी त्याला विचारलं, चहा आला का? आता हे मी तोंडाने बोललो नाही, साचेखात्यात बोलतो तसं विचारलं. तू मिल आतून पाहिली नाहीस म्हणून सांगतो. दोनशे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम खडखडत असतात. कानात ओरडलं तरी कळत नाही, मग घसा कशाला फोडा? आवाज न काढता नुसते ओठ मोठे आणि सावकाश हलवायचे, थोडा हात लावायचा. चार ओळी पलीकडचा माणूस सगळं समजतो. कोणाला मुलगा झाला, कोण गावी वारला, सगळं आम्ही असंच एकमेकांना सांगितलं. आमच्यावरचा मुकादम, जॉबर, समोर उभा असताना त्याच्याच खानदानाविषयी सुद्धा बोललो.

नानाने तिकडून तसंच उत्तर दिलं, चहा आलाय पण दूध नासलंय, आणि खाली बघ. खाली बघतो तर पटांगणातला खेळ थांबलेला. सगळी मुलं माझ्या शिडीभोवती गोळा. दोन म्हातारे बाप्ये आवाज न काढता बोलतात, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. नंदकुमार म्हणून आठ वर्षांचा एक आहे, त्याने आपल्या कानावर बोट ठेवलं, नाही अशी मान हलवली आणि मग ते बोट माझ्याकडे केलं. म्हणजे, तूपण आमच्यातला का? मी हसून नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

मोठ्या बाई म्हणजे अनुपमाबाई, त्यांनी हे खिडकीतून पाहिलं. मला लांब उभं करून काही काही बोलायला लावलं. मुलांनी सगळं ओळखलं. बाई म्हणाल्या, शिकून आलेल्या शिक्षिकांचे ओठ मुलांना इतके पटकन कळत नाहीत. शाळेत शिपायाची जागा रिकामी होती. नानालाही विचारलं, पण तो म्हणाला मी बाईमाणसाच्या हुकमाखाली मरेन. मी म्हटलं, मला सवय आहे.

हे वाचून हसलीस तर कळव.

दशरथ


भांडुप, २० मार्च १९८३

सौ. जानकीस,

तुझ्या अक्षरातला काही मजकूर येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी कुंडलिकरावांची दोन ओळींची चिठ्ठी आली. ‘ताई म्हणते, लिहायचं काय, ते घरात तरी कधी बोलले?’ हे त्यांनी तुझं म्हणून लिहिलं आहे, तुझंच असणार.

असो. कामाचं सांगतो. सकाळी वर्ग उघडायचे, पाणी भरायचं, बाईंच्या चिठ्ठ्या न्यायच्या. दुपारी अर्धा तास मात्र लहान वर्गासमोर स्टुलावर बसायचं आणि आवाज न काढता एकेक शब्द म्हणायचा. मुलांनी ओठ वाचून तो शब्द तोंडाने म्हणायचा. या शाळेत हातांनी बोलायला मनाई आहे. हात वापरले की मुलं आवाज काढायचा आळस करतात, असं बाईंचं म्हणणं. माझे हात आपोआप उठतात. म्हणून मी ते मांडीखाली दाबून बसतो. मुलं मला पाहून तशीच बसतात. सव्वीस वर्षं साच्यावर धोटा बदलणारे हे हात, त्यांच्यावर बसायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

भांडुपचे लोक हसतात. मुक्यांचा मास्तर म्हणतात. पहिला महिनाभर मी मान खाली घालून नाक्यावरून जात होतो. आता घालत नाही. खरं सांगू का, मला हे काम आवडतं. साच्यावर मी कधी हसलो नाही, इथे दिवसातून चारदा हसतो.

पण माझ्या तोंडाने वाट लावली आहे. त्याचं असं झालं. कमिटीचे सेक्रेटरीसाहेब गेल्या आठवड्यात शाळा बघायला आले. भले जाडजूड गृहस्थ. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर मला म्हणाले, अरे ए, उभा काय राहिलास, खुर्ची पूस. मी खुर्ची पुसली आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहून, साचेखात्यातल्या सवयीने, आवाज न काढता म्हटलं, भोपळ्या. मिलमध्ये सव्वीस वर्षांत हे कुठल्याच साहेबाला कळलं नाही. इथे समोर ओठ वाचणारी साठ मुलं उभी. पटांगण खिदळायला लागलं. एवढ्यावर भागलं असतं, पण नंदकुमार, ज्याच्या तोंडून दोन वर्षांत एक धड शब्द निघाला नव्हता, तो साहेबांकडे बोट करून मोठ्यांदा आणि चांगलं स्वच्छ म्हणाला, ‘भोपळ्या!’

अनुपमाबाईंना राग धरावा की त्या पोराला उचलून घ्यावं ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं. मला कचेरीत उभं करून झाडलं, आणि मग त्याच्या आईला बोलावून घेतलं. आई आली, त्याने पुन्हा म्हणून दाखवलं. ती बाई दाराला धरून रडली. मी बाहेर स्टुलावर बसून होतो, मला कुठे बघावं ते सुचेना.

सेक्रेटरीसाहेब मात्र विसरले नाहीत. कायम करायचं तर रीतसर वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे असं त्यांनी लिहून पाठवलं आहे. ती एप्रिलच्या मध्यावर आहे. त्यात थोडा घोळ होऊ शकतो. कसला ते आता लिहीत नाही.

दशरथ


भांडुप, १७ एप्रिल १९८३

सौ. जानकीस,

तपासणी झाली. सगळं ठीक आहे. निकाल कळला की कळवतो. काळजी नसावी. आंबे कसे आहेत यंदा?

दशरथ


भांडुप, २४ एप्रिल १९८३

जानकी,

हे पाकीट बंद करून पाठवतो आहे आणि वर तुझंच नाव आहे. कुंडलिकरावांना वाचायला देऊ नकोस. तू चौथी पास आहेस, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दोन दिवस लागले तरी चालतील, पण तूच वाच.

मागच्या कार्डात सगळं ठीक आहे लिहिलं ते खोटं होतं.

डॉक्टरांनी छाती, डोळे, दात पाहिले. घोडा विकत घेताना तपासतात तसं सगळं तपासलं म्हण. शेवटी लिहिलं, कान शाळेतच तपासून घ्या, तिथे यंत्र आहेच. ते यंत्र मी रोज पुसतो. मुलांच्या कानांवर दोन वाट्या बसवतात, बाई बटण दाबतात, आवाज आला की मुलाने बोट वर करायचं. मला पक्कं माहीत होतं काय करायचं. बाई बटण दाबतात तेव्हा त्यांचं कोपर किंचित हलतं. मी कोपरावर नजर ठेवली आणि बरोबर बोट वर करत गेलो. सात-आठ वेळा जमलं. बाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, दशरथ, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसा.

बसलो. भिंतीला मीच लावलेला पिवळा रंग. मी वाट बघत राहिलो की आता सुरू करतील. बऱ्याच वेळाने बाई फिरून माझ्यासमोर आल्या, खाली बसल्या, आणि सावकाश, मुलांशी बोलतात तशा बोलल्या. ‘दशरथ, दहा मिनिटं झाली. यंत्र चालूच होतं.’

मी बहिरा आहे, जानकी. हे मी आयुष्यात प्रथमच लिहितो आहे. अगदी ठार नाही. कुत्रं भुंकलं, ट्रकने हॉर्न दिला, तर येतं. माणूस समोर असला तर मी ओठांवरून सगळं समजतो, त्यात माझा कोणी हात धरणार नाही. पण पाठमोरं, अंधारात, शेजारच्या खोलीतून कोणी बोललं तर ते माझ्यापर्यंत येत नाही. आज-कालचं नाही हे. पंधरा वर्षं तरी झाली. साचेखात्यात सगळेच थोडेफार तसे, तिथे कोणाला कळत नाही, उलट तिथे मी सगळ्यांत हुशार. घरी आलो की मी मठ्ठ व्हायचो.

सांगितलं का नाही म्हणशील. मला मिलमध्ये लावणारे माझे दादूकाका आठवतात तुला? म्हातारपणी त्यांना चाळीतली पोरं मागून हाका मारायची आणि पळून जायची. मोठी माणसंही हसायची. आपण दोघंही हसलो होतो. तेव्हाच मी ठरवलं होतं. मला तुसडा म्हणा, हेकट म्हणा, बायकोशी नीट बोलत नाही म्हणा, ते चालेल, पण बहिरा म्हणायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत काय होतं ते तुला भोगावं लागलं.

आपला ओटा भिंतीला लागून आहे. तू स्वयंपाक करताना बोलतेस, नेहमीच तेव्हाच बोलतेस, आणि तुझी पाठ माझ्याकडे असते. मी पाटावर बसून जेवत असे. तुझी मान हलताना दिसायची, त्यावरून कळायचं की बोलते आहे. कधी हूं म्हणायचो, कधी गप्प राहायचो, अंदाजाने. मालन होती तोवर ती मध्ये काहीतरी बोलून सांभाळून घ्यायची. तिचं लग्न झालं आणि आपण दोघंच उरलो. गेल्या गणपतीत निघताना तू म्हणालीस, ‘भिंतीबरोबर संसार केला मी.’ ते तू माझ्याकडे तोंड करून म्हणालीस, म्हणून ते मला कळलं.

नोकरी राहील की नाही माहीत नाही. सेक्रेटरीसाहेबांच्या हातात आयतं कोलीत मिळालं आहे. कमिटी पुढच्या महिन्यात बसेल. काम गेलं तर मी तुला न्यायला येण्याच्या लायकीचाही उरत नाही, हे समजूनच लिहितो. पण निकाल लागेपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी बनवून लिहिलं असतं. माझा मला भरवसा नाही.

एक सांगू? यंत्राच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा मी रडेन असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नंदकुमार दाराशीच उभा होता. त्याने पुन्हा तोच प्रश्न केला, कानावर बोट, मग माझ्याकडे बोट. या वेळी मी हो म्हटलं. त्याने ‘मी तर आधीच सांगितलं होतं’ अशा थाटात मान हलवली आणि खेळायला निघून गेला. मला इतकं हलकं वाटलं की मी स्टुलावर बसून भर दुपारी झोपलो.

दशरथ


भांडुप, २२ मे १९८३

जानकी,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या हाताचं पहिलंच. चार पानं. मी ती नाक्यावर उभ्या उभ्या वाचली, मग घरी येऊन वाचली, मग काल मालनकडे जाऊन आलो तेव्हा खिशात होती.

आधी नोकरीचं सांगतो, ते सोपं आहे. कमिटी बसली. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ज्याला घंटा ऐकू येत नाही असा शिपाई शाळेला काय कामाचा? अनुपमाबाई म्हणाल्या, साहेब, आमच्याकडे घंटा ऐकू येणारं आहे कोण? तास संपला की आम्ही दिवा लावतो. यावर कमिटीवरचे डॉक्टर हसले, मग बाकीचे हसले, मग साहेबांनाही हसावं लागलं. एक जूनपासून मला कायम केलं. कागदावर ‘शिपाई व ओष्ठवाचन साहाय्यक’ असं लिहिलं आहे. कुंडलिकरावांना हे नाव मोठ्याने वाचायला दे, त्यांची साखर अगदीच फुकट गेली नाही. बाई मला यंत्रही मिळवून देणार आहेत. सगळं परत येणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलंय, पण थोडं येईल.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस, तुझ्या आयेच्या आजारपणाचं कार्ड आलं तेव्हा तू भाकऱ्या करत होतीस आणि मला विचारलंस, मी जाऊन येऊ? मी जेवत राहिलो. तू पुन्हा विचारलंस. मी हात धुतला, डबा घेतला आणि दुसऱ्या पाळीला निघून गेलो. तू ते ‘नाही’ समजलीस. आठ दिवसांनी आये गेली. त्याला नऊ वर्षं झाली. पुढे तू लिहिलं आहेस, ‘माका वाटला, तुमी मुद्दाम गप रवलात. एकदा सांगलात असतात तर काय बिघाडला असता?’

मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, जानकी. ते कार्ड आल्याचंसुद्धा ठाऊक नव्हतं. आये गेल्याची तार आली तेव्हाच मला ती आजारी होती हे कळलं. आये आजारी असल्याचं तू मला का सांगितलं नाहीस असं मी मनात म्हणत होतो, आणि तू माझ्याशी बोलत नव्हतीस ते दुःखामुळे असं समजत होतो. नऊ वर्षं आपण एकमेकांवर रुसलो होतो आणि कशावरून ते मला कळलेलं नव्हतं.

ऐकू आलं असतं तर मी लगेच जा म्हटलं असतं, असं लिहायला हात शिवशिवतो आहे. पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. मालनची परीक्षा होती, घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. कदाचित मी म्हटलं असतं, रविवारपर्यंत थांब. तरीही उशीर झालाच असता. पण मग तू माझ्याशी भांडली असतीस, मला चार शब्द सुनावले असतेस, कदाचित न विचारता निघून गेली असतीस. तुला तुझ्या आईचं तोंड दिसलं असतं. ते मी तुझ्याकडून घेतलं, न ऐकता घेतलं, आणि त्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. तरी ती मागतो.

शेवटच्या पानावर तू लिहिलंस, की हे पत्र लिहून झाल्यावर पोटभर जेवलीस आणि उरावरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. ती ओळ मी सगळ्यांत जास्त वेळा वाचली. माझंही तसंच झालं आहे. गुन्हा कबूल करून माणूस बरा जेवतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पाच तारखेच्या गाडीने निघतेस ते कळलं. ओटा फिरवा नाहीतर येणार नाही असं बजावलं आहेस. फिरवला. नानाने दोन दिवस खपून जुना फोडला आणि खोलीत आडवा बांधला. तू भिंतीच्या बाजूला उभी राहशील आणि तोंड माझ्याकडे. जागा जरा अडली आहे, येता जाता ढोपराला लागतो, पण होईल सवय.

मी कुर्ल्याच्या स्टँडवर असेन. तिथे मला मागून हाक मारू नकोस, खांद्याला हात लाव.

आणि घरी आलीस की, या सगळ्या वर्षांत माझ्याकडे पाठ करून जे जे विचारलंस ते पुन्हा विचार. पहिल्यापासून, एकेक करून. शाळा तेरा तारखेला उघडते, तोवर मी मोकळाच आहे.

तुझा,
दशरथ